मुलाला डोपामिन लावताना: पहिल्या बोलसपासून थायरॉईडच्या रिपोर्टपर्यंत

तालुक्याच्या गावांहून सोलापूरला रेफर होऊन येणाऱ्या शॉकमधल्या (शरीराला रक्तपुरवठा अपुरा पडत असलेल्या) मुलासोबत अनेकदा एक सिरिंज पंप चालू असतो. सिरिंजवर चिकटपट्टी असते आणि तिच्यावर एवढंच लिहिलेलं असतं: ‘डोपा, ५ मि.ली./तास’. किती मिलिग्रॅम भरलं, किती मि.ली.त भरलं, वजन किती धरलं, आधी पाणी किती गेलं, यातलं काहीही तिथे नसतं. मग पहिली वीस मिनिटं मूल बघण्याऐवजी गणित उलटं सोडवण्यात जातात. दुसरी चूक चार-पाच दिवसांनी कळते. मूल सावरलेलं असतं, तरी ‘किडनीसाठी असू दे’ म्हणून २ मायक्रोचं (मायक्रोग्रॅम/किलो/मिनिट) डोपामिन अजून चालूच असतं, आणि त्याच काळात काढलेल्या थायरॉईडच्या रिपोर्टवरून कुणीतरी गोळी सुरू केलेली असते.

या दोन्ही चुकांचं मूळ एकच आहे: डोपामिनकडे फक्त ‘बीपीचं औषध’ म्हणून बघणं. ते हृदयावर आणि रक्तवाहिन्यांवर काम करतं, तसंच पिट्युटरीवर, म्हणजे मेंदूखालच्या हार्मोन-ग्रंथीवरही करतं. म्हणून ते कधी सुरू करायचं, किती द्यायचं आणि कधी थांबवायचं, हे तिन्ही निर्णय सारखेच मोलाचे आहेत. हा लेख निवासी डॉक्टर, ग्रामीण रुग्णालयातले वैद्यकीय अधिकारी आणि आयसीयूतल्या सिस्टर-ब्रदर यांच्यासाठी आहे. तुमच्या विभागाचा लेखी प्रोटोकॉल असेल तर तो आधी, हा लेख नंतर.

टप्पा १: डोपामिनच्या आधीची कामं

सर्वात जास्त चुका इथेच होतात, म्हणून इथे जरा थांबू.

पहिलं काम वजन. काट्यावर घ्या. मूल काट्यावर ठेवण्याच्या स्थितीत नसेल तर आईला मुलासकट उभं करा आणि नंतर तिचं एकटीचं वजन वजा करा. तेही जमत नसेल तर १ ते ६ वर्षांसाठी ‘वयाची दुप्पट अधिक ८’ हा अंदाज चालतो. ऊसतोडीच्या हंगामात फडावरून येणारी मुलं पाहिलेल्यांना ठाऊक आहे की कुपोषित मुलात हा अंदाज वजन बरंच जास्त दाखवतो. तिथे डोळ्यांवर विश्वास ठेवा आणि लवकरात लवकर खरं वजन मिळवा.

दुसरं, शॉक आहे का आणि कोणत्या प्रकारचा. मुलांमध्ये बीपी सर्वात शेवटी पडतं. त्याआधी नाडी वाढते, हातपाय गार पडतात, कॅप रिफिल (दाबलेलं नख पुन्हा लाल व्हायला लागणारा वेळ) २ सेकंदांच्या वर जातं, लघवी कमी होते, मूल चिडचिडं किंवा सुस्त होतं. बीपीची खालची मर्यादा लक्षात ठेवा: १ ते १२ महिन्यांच्या बाळात वरचं बीपी ७०, १ ते १० वर्षांत ‘७० अधिक वयाची दुप्पट’, १० वर्षांनंतर ९०.

तिसरं, पाणी. रिकाम्या रक्तवाहिन्या आवळून काही हाती लागत नाही. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर असताना जुलाब-उलट्यांनी आलेल्या मुलाला डोपामिनपेक्षा एनएस किंवा आरएल सलाईन आधी हवं. जिथे मुलांचा आयसीयू आहे तिथे सेप्टिक (संसर्गामुळे झालेल्या) शॉकमध्ये १० ते २० मि.ली./किलोचे बोलस (एका दमात दिलेलं सलाईन), प्रत्येकानंतर मूल पुन्हा तपासून, पहिल्या तासात एकूण ४० ते ६० मि.ली./किलोपर्यंत जाता येतं. जिथे आयसीयू नाही आणि बीपी पडलेलं नाही तिथे बोलस न देता मेंटेनन्स सलाईन चालवणं बरं. बीपी पडलेलं असेल तर तिथेही जपून, पहिल्या तासात जास्तीत जास्त ४० पर्यंत. २०२० सालच्या आंतरराष्ट्रीय सेप्सिस मार्गदर्शनात हा फरक स्पष्ट केलेला आहे. त्यामागे २०११ साली प्रसिद्ध झालेला फीस्ट अभ्यास आहे. युगांडा, केनिया आणि टांझानियातल्या ३१४१ मुलांच्या त्या अभ्यासात बोलस दिलेल्या गटांत ४८ तासांतले मृत्यू जास्त आढळले. अतितीव्र कुपोषित मुलाचा हिशोब आणखी वेगळा आहे: १५ मि.ली./किलो, एका तासात, हळू.

प्रत्येक बोलसनंतर यकृताची कड हाताला लागते का ते बघा आणि छातीत बुडबुड्यांसारखा आवाज येतो का ते ऐका. यकृत खाली सरकत असेल तर पाणी थांबवा. औषधाची वेळ झाली आहे.

चौथं, शुगर आणि कॅल्शियम. शुगर कमी असेल तर १० टक्के डेक्स्ट्रोज २ ते ५ मि.ली./किलो. कॅल्शियम खूप कमी असेल किंवा रक्त खूप आम्लधर्मी झालं असेल तर कोणतंही असं औषध अर्धवटच चालतं. सेप्सिसचा संशय असेल तर अँटिबायोटिक पहिल्या तासात गेलंच पाहिजे. पंपाच्या धावपळीत ते मागे राहू देऊ नका.

> सावध: डेंग्यूच्या शॉकमध्ये रक्तातलं पाणी बाहेर झिरपत असतं. तिथे हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण) बघून सलाईन हा मुख्य उपचार आहे, डोपामिन लावून सलाईन वाचवता येत नाही. विंचूदंशात तर शरीरात आधीच अॅड्रेनालिन-नॉरअॅड्रेनालिनचा पूर आलेला असतो. अशा मुलाला बीपी पडलं म्हणून घाईने जास्त मात्रेत डोपामिन लावलं तर आवळलेल्या वाहिन्या आणखी आवळतात आणि थकलेल्या हृदयावर भार वाढतो. तिथे वाहिन्या सैल करणारं प्राझोसिन वेळेवर देणं महत्त्वाचं, आणि हृदय दमलेलं असेल तर त्याला जोर देणाऱ्या डोब्युटामिनचा विचार.

टप्पा २: डोपामिनच का, हे ठरवा

हा प्रश्न मुद्दाम वेगळ्या टप्प्यात ठेवला आहे, कारण अनेक ठिकाणी तो विचारलाच जात नाही. कपाटात डोपामिन असतं, म्हणून डोपामिन लागतं.

मुलांच्या सेप्टिक शॉकमध्ये आता पहिली पसंती अॅड्रेनालिन किंवा नॉरअॅड्रेनालिनला आहे. ब्राझीलमधल्या १२० मुलांच्या २०१५ सालच्या अभ्यासात डोपामिनच्या गटात सुमारे २० टक्के मुलं दगावली, अॅड्रेनालिनच्या गटात सुमारे ७ टक्के. भारतातल्या २०१६ सालच्या ६० मुलांच्या अभ्यासातही पहिल्या तासात शॉक सुटण्याचं प्रमाण अॅड्रेनालिनने जास्त होतं. अभ्यास लहान आहेत, पण दोन्हींची दिशा एकच आहे. हातपाय गार, नाडी बारीक असेल तर अॅड्रेनालिन ०.०५ ते ०.१ मायक्रोग्रॅम/किलो/मिनिट. हातपाय गरम, नाडी उड्या मारणारी आणि खालचं बीपी खूप कमी असेल तर नॉरअॅड्रेनालिन.

मग डोपामिन कधी? ही दोन्ही औषधं हाताशी नसतील, ती चालवायची सवय असलेलं कुणी जागेवर नसेल, तेव्हा. शॉकमधलं मूल नुसतं ठेवण्यापेक्षा डोपामिन नक्कीच बरं. नवजात बाळांच्या विभागात ते अजूनही बरंच वापरलं जातं. माझं मत स्पष्ट आहे: प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाच्या इमर्जन्सी ट्रेमध्ये अॅड्रेनालिन असतंच, ते इन्फ्युजनने देण्याचा तक्ता भिंतीवर लावा. डोपामिन भरताना वजनाला ३ ने गुणतात (टप्पा ४ बघा), इथे ०.३ ने गुणायचं, एवढाच फरक आहे. वजन गुणिले ०.३ मिलिग्रॅम अॅड्रेनालिन एकूण ५० मि.ली.त घेतलं की १ मि.ली./तास म्हणजे ०.१ मायक्रो.

टप्पा ३: मात्रा म्हणजे काय, ते समजून घ्या

पुस्तकातला तक्ता सगळ्यांना पाठ असतो. ५ मायक्रोच्या खाली आतडी-मूत्रपिंडाच्या वाहिन्या सैल होतात, ५ ते १० मध्ये हृदय जोरात आणि वेगात चालतं, १० च्या वर शरीरभरच्या वाहिन्या आवळतात. आजारी मुलात या रेषा एवढ्या स्वच्छ नसतात. डोपामिन शरीरातून किती वेगाने निघून जातं यात मुलामुलांत प्रचंड फरक असतो. त्यामुळे एकाच मात्रेवर एका मुलात हृदय जोर धरतं, तर दुसऱ्यात वाहिन्या आवळल्या जातात. तक्त्यावरून सुरुवात करा, पण पुढची मात्रा मुलाकडे बघून ठरवा.

आणखी एक गोष्ट कायम ध्यानात हवी. डोपामिनचं बरंचसं काम उसनं असतं: ते मज्जातंतूंच्या टोकांत साठवलेलं नॉरअॅड्रेनालिन बाहेर काढतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात हा साठा पुरता भरलेला नसतो. बरेच दिवस आजारी असलेल्या मुलात तो संपत आलेला असतो. अशा मुलात १० मायक्रोवर पोहोचूनही फरक पडत नाही, मग मात्रा १५, १८, २० अशी चढत जाते, नाडी वाढते आणि हातपाय गारच राहतात. तिथे आणखी चढवू नका, औषध बदला.

जास्त मात्रेत फुप्फुसांतल्या वाहिन्याही आवळू शकतात. ज्या नवजात बाळात फुप्फुसातला दाब आधीच वाढलेला आहे, तिथे हे विशेष सांभाळायचं. शिवाय डोपामिनमुळे रक्तातला ऑक्सिजन कमी झाल्यावर श्वास वाढवण्याची शरीराची प्रतिक्रिया मंदावते. व्हेंटिलेटरवर नसलेल्या मुलाचा श्वास आणि सॅच्युरेशन म्हणून डोळ्यांसमोर हवं.

टप्पा ४: औषध भरणं

भारतात मिळणारं नेहमीचं अॅम्प्यूल ५ मि.ली.चं असतं, त्यात २०० मिलिग्रॅम, म्हणजे १ मि.ली.त ४० मिलिग्रॅम. तरीही दर वेळी लेबल मोठ्याने वाचा.

१. वजन (किलो) गुणिले ३. जो आकडा येईल तितके मिलिग्रॅम डोपामिन घ्या.

२. त्या आकड्याला ४० ने भागा. तितके मि.ली. अॅम्प्यूलमधून काढा. १ मि.ली.पेक्षा कमी असेल तर छोट्या सिरिंजने मोजा, ५० मि.ली.च्या सिरिंजवर अंदाजाने नको.

३. ५० मि.ली.च्या लॉकवाल्या सिरिंजमध्ये एनएस किंवा ५ टक्के डेक्स्ट्रोज घालून एकूण ५० मि.ली. करा. ‘एकूण ५०’ आणि ‘अधिक ५०’ यात फरक आहे.

४. आता १ मि.ली./तास म्हणजे १ मायक्रोग्रॅम/किलो/मिनिट.

उदाहरण घेऊ. मूल ८ किलोचं. ८ गुणिले ३ म्हणजे २४ मिलिग्रॅम, ते ०.६ मि.ली.त आलं. त्यात ४९.४ मि.ली. एनएस. ५ मायक्रोसाठी पंप ५ मि.ली./तास. पाणी कमी द्यायचं असेल तर ३ ऐवजी १५ ने गुणा: १२० मिलिग्रॅम, म्हणजे ३ मि.ली., अधिक ४७ मि.ली. एनएस. मग १ मि.ली./तास म्हणजे ५ मायक्रो. पण १५ चा हिशोब साधारण १० किलोच्या पुढच्या मुलात हाताच्या शिरेतून देऊ नका. तिथे औषध १ मि.ली.त ३.२ मिलिग्रॅमच्या वर दाट होतं आणि त्याला सेंट्रल लाईन (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेतली नळी) लागते.

तुमच्याकडे ठरावीक दाटपणाची पद्धत असेल, उदाहरणार्थ प्रत्येक मुलाला २ मि.ली. डोपामिन अधिक ४८ मि.ली. एनएस, म्हणजे १ मि.ली.त १६०० मायक्रोग्रॅम, तर पंपाचा वेग असा काढा: मात्रा गुणिले वजन गुणिले ६०, भागिले १६००. १२ किलोच्या मुलाला ५ मायक्रोसाठी तो २.२५ मि.ली./तास येतो. भरण्यातल्या चुका या पद्धतीत कमी होतात, म्हणून मोठ्या विभागांनी तीच धरावी असं मला वाटतं. दोन्ही पद्धती एकाच वॉर्डात मात्र चालवू नका.

> सावध: आख्खं अॅम्प्यूल ५० मि.ली.त ओतून पंप ५ वर लावला तर त्या ८ किलोच्या मुलाला ५ ऐवजी जवळजवळ ४२ मायक्रो जातात. रात्री दोन वाजता होणारी चूक बहुधा हीच असते. भरणारा एक आणि आकडा तपासणारा दुसरा, हा नियम घाईतही मोडायचा नाही.

> तपासा: सिरिंजवर मुलाचं नाव, वजन, किती मिलिग्रॅम एकूण किती मि.ली.त, १ मि.ली./तास म्हणजे किती मायक्रो, भरल्याची तारीख-वेळ आणि दोघांच्या सह्या. औषध गुलाबी, पिवळट किंवा तपकिरी दिसलं तर फेकून द्या. २४ तासांनी नवी सिरिंज.

सोडियम बायकार्बोनेट त्याच लाईनमधून कधीही नको. अल्कलीत डोपामिन निकामी होतं. पंप चालू दिसतो, औषध मात्र पोहोचत नाही.

टप्पा ५: लाईन

सेंट्रल लाईन असेल तर उत्तम, पण ती पडेपर्यंत थांबणं चूक. कोपराजवळच्या किंवा बाहूवरच्या चांगल्या मोठ्या शिरेतल्या इंट्राकॅथमधून पातळ औषध सुरू करता येतं. शीर मिळतच नसेल तर हाडातून द्या. पायाचा घोटा, मनगटाचा वाकणारा भाग, तळहाताच्या पाठची बारीक शीर शक्यतो टाळा.

डोपामिनची लाईन स्वतंत्र हवी. त्याच लाईनच्या थ्री-वेमधून (तीन तोंडांच्या जोडणीतून) कुणी अँटिबायोटिक फ्लश केलं तर नळीत साठलेलं डोपामिन एका झटक्यात आत जातं. बीपी एकदम चढतं, नाडी २०० च्या घरात जाते, आणि मग नळी रिकामी म्हणून दहा मिनिटं बीपी पडतं. थ्री-वेवर लाल पट्टी लावा: ‘फ्लश करू नये’. रक्ताचा नमुनाही या लाईनमधून किंवा त्याच हातातून घेऊ नका. डोपामिन मिसळलेल्या नमुन्यात काही पद्धतींनी क्रिएटिनिन खोटं कमी येतं.

हळू चालणाऱ्या पंपात नळीचा मोकळा भाग भरायलाच वेळ जातो. नळीत १ मि.ली. जागा असेल आणि वेग १ मि.ली./तास असेल, तर पहिला थेंब मुलापर्यंत पोहोचायला एक तास लागेल. म्हणून आधी नळी टोकापर्यंत औषधाने भरा, पंप लावून तो थोडा पुढे चालवा, टोकाशी थेंब दिसला की मगच मुलाला जोडा. पंप मुलाच्या पातळीवर ठेवा. उंच टांगलेल्या पंपात सिरिंजचा दट्ट्या नीट बसलेला नसेल तर औषध आपोआप खाली ओढलं जातं.

टप्पा ६: सुरू करणं आणि पहिला तास

५ मायक्रोवर सुरू करा. औषधाचं अर्धं आयुष्य जेमतेम २ मिनिटांचं असल्याने साधारण १० मिनिटांत परिणाम स्थिर होतो. त्याआधी मात्रा वाढवू नका. दर ५ मिनिटांनी बीपी, नाडी, कॅप रिफिल, सॅच्युरेशन. दर १० ते १५ मिनिटांनी गरज असेल तर २ ते ३ मायक्रो वाढवा.

काय सुधारायला हवं? बीपीचा आकडा एकटा पुरत नाही. वाहिन्या आवळल्या म्हणून बीपी वाढलं आणि कॅप रिफिल ५ सेकंदच राहिलं, तर मूल सुधारलेलं नाही. नाडी खाली येणं, हातपाय गरम होणं, मुलाने आईकडे बघणं, लघवी तासाला १ मि.ली./किलोच्या वर जाणं, रक्तातलं लॅक्टेट (रक्तपुरवठा कमी पडल्याची खूण) उतरणं, या खऱ्या खुणा आहेत.

१० मायक्रोवर अर्धा तास होऊनही या खुणा दिसत नसतील तर थांबून विचार करा. पाणी कमी पडलं का? छातीत हवा किंवा हृदयाभोवती पाणी आहे का? शुगर, कॅल्शियम? औषध खरंच पोहोचतंय का? हे सगळं बघून झालं की अॅड्रेनालिन जोडा आणि रेफरचा फोन करा. सोबत कोणती औषधं चालू आहेत तेही बघा. लिनेझोलिड चालू असेल तर डोपामिनचा परिणाम वाढतो, म्हणून कमी मात्रेवर सुरुवात. फेनिटॉईन शिरेतून जात असेल तर बीपी अचानक पडू शकतं.

> सावध: लाईन बाहेर गेली तर. जागा पांढरी, गार, कडक झाली की लगेच पंप थांबवा, पण इंट्राकॅथ उपसू नका. आधी त्यातूनच जितकं औषध मागे ओढता येईल तितकं ओढा. दुसऱ्या शिरेत डोपामिन सुरू करा, नाहीतर मूल कोसळेल. फेंटोलामिन मिळत असेल तर ०.१ ते ०.२ मिलिग्रॅम/किलो एनएसमध्ये पातळ करून त्या जागेभोवती कातडीखाली, १२ तासांच्या आत. ते नसेल तर नायट्रोग्लिसरिनचा मलम. बर्फ लावू नका, गार शेकाने वाहिन्या आणखी आवळतात. जागा पहिल्या तासात दर १५ मिनिटांनी आणि नंतर दर तासाला उघडून बघा. चादरीखाली झाकलेला हात म्हणजे न बघितलेला हात.

टप्पा ७: सिरिंज बदलणं, वीज जाणं, प्रवास

जुनी सिरिंज संपल्यावर नवी भरायला घेतली तर त्या तीन-चार मिनिटांत औषध रक्तातून ओसरतं. अर्धा तास आधी नवी सिरिंज दुसऱ्या पंपावर तयार ठेवा. जमलं तर दोन्ही पंप काही क्षण सोबत चालवून, बीपी बघत जुना उतरवा.

पंपाची बॅटरी किती वेळ चालते हे प्रत्यक्ष लावून बघा, कागदावरच्या आकड्यावर विसंबू नका. पंढरपूर किंवा बार्शीहून सोलापूर सत्तर किलोमीटरच्या आसपास, करमाळ्याहून त्याहून बरंच लांब. १०८ मध्ये चढण्याआधी तासभर जास्तीचा हिशोब धरा. पंप बंदच पडला तर बालकांचा मायक्रोड्रिप सेट ठेवा. त्याचे ६० थेंब म्हणजे १ मि.ली., त्यामुळे मिनिटाचे थेंब म्हणजेच तासाचे मि.ली. तेव्हा वजन गुणिले ३ मिलिग्रॅम ५० ऐवजी १०० मि.ली.त करा. मग ५ मायक्रोसाठी मिनिटाला १० थेंब, हातात घड्याळ धरून मोजता येतात.

नातेवाइकांना नीट सांगा. सोलापूरच्या पूर्व भागातल्या घरांत तेलुगू, अक्कलकोटकडच्या गावांत कन्नड. आईला समजेल अशा भाषेत बोलणारं कुणी वॉर्डात नक्की मिळतं, त्यांना बोलवा. ‘हा पंप कुणीही हलवायचा नाही, आवाज आला की सिस्टरला हाक मारा’ हे वाक्य तिला कळलं की निम्मे अपघात टळतात.

टप्पा ८: ताणाच्या हार्मोन्सचा हिशोब

हा भाग वॉर्डात फारसा बोलला जात नाही.

आजारी मुलाच्या शरीरात सुरुवातीला पिट्युटरी जोरात काम करते. कॉर्टिसॉल, प्रोलॅक्टिन, ग्रोथ हार्मोन वाढतात. पिट्युटरी मेंदूच्या संरक्षक पडद्याबाहेर असल्याने शिरेतून दिलेलं डोपामिन तिथे थेट पोहोचतं. त्यामुळे प्रोलॅक्टिन झपाट्याने खाली येतं, टीएसएच (थायरॉईडला चालना देणारं हार्मोन) दबतं, त्यापाठोपाठ थायरॉईडचे टी४ आणि टी३ उतरतात, ग्रोथ हार्मोनही कमी होतं. बेल्जियममधल्या ल्यूव्हन इथल्या गटाने १९९४ साली लहान मुलांमध्ये हे दाखवलं. नंतर फार कमी वजनाच्या नवजात बाळांतही टीएसएच आणि प्रोलॅक्टिनवरचा असाच परिणाम आढळला. औषध बंद केल्यावर हे हार्मोन लवकरच, बहुधा दिवसभरात, परत वर येतात, कधी नेहमीपेक्षा उंच. प्रोलॅक्टिनचा संबंध लिंफोसाइट पेशींशी, म्हणजे संसर्गाशी लढण्याशी आहे, म्हणून ते दिवसेंदिवस दाबून ठेवणं मला अजिबात पटत नाही.

कॉर्टिसॉलचं तसं नाही. डोपामिनने ते ठरावीक पद्धतीने दबत नाही, पण अॅड्रिनलमधलंच डीएचईए-एस हे हार्मोन मात्र खाली येतं. म्हणून शॉकमध्ये कॉर्टिसॉल कमी दिसलं तर दोष डोपामिनवर टाकून मोकळं होऊ नका. अॅड्रिनल खरंच कमी पडत असेल.

यातून रोजच्या कामासाठी चार गोष्टी निघतात.

१. स्टिरॉईड आधी चालू होतं का, हे पहिल्या पाच मिनिटांत विचारा. नेफ्रोटिकची (मूत्रपिंडाच्या आजाराची) मुलं, दम्याची मुलं, ‘अंगावर सूज आली म्हणून गावात गोळ्या दिल्या’ अशी मुलं. अशा मुलात शॉक असेल तर डोपामिन चढवत बसू नका. हायड्रोकॉर्टिसोन ५० ते १०० मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर शिरेतून द्या आणि पुढे तितकंच दिवसभरात विभागून. कॉर्टिसॉलचा नमुना घेता आला तर घ्या, पण रिपोर्टची वाट बघू नका.

२. स्टिरॉईड आधी नव्हतं, पण पाणी आणि दोन औषधं देऊनही शॉक सुटत नाही. तिथे हायड्रोकॉर्टिसोन देता येतं. पुरावा भक्कम नाही, म्हणून हा निर्णय वरिष्ठांनी घ्यावा. प्रत्येक मुलाला सुरुवातीपासून नको.

३. शुगर. आजाराचा ताण, डोपामिन आणि स्टिरॉईड मिळून शुगर वर नेतात. सुरुवातीला तासाला, मग दर ४ तासांनी. सलाईनमधून डेक्स्ट्रोज किती चालू आहे तेही बघा.

४. डोपामिन चालू असताना थायरॉईडची तपासणी मागवू नका, तसं ठोस कारण असल्याशिवाय. टीएसएच कमी आणि टी४ कमी आलं तर ते बहुधा आजाराचं आणि औषधाचं चित्र असतं, गोळी सुरू करायचं कारण नसतं. औषध थांबल्यावर दोन-तीन दिवसांतलं उंच टीएसएचही फसवं असू शकतं.

> तपासा: नवजात बाळ. जन्मजात थायरॉईडची कमतरता टीएसएच वाढलेलं बघून पकडतात. डोपामिनवर असलेल्या बाळात टीएसएच दबलेलं असल्याने खरा आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो, आणि महत्त्वाचे आठवडे हातातून जातात. एसएनसीयूतल्या (आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षातल्या) अशा बाळाचा दुसरा नमुना डोपामिन थांबल्यानंतर, साधारण २ ते ४ आठवड्यांच्या वयात घ्यायचाच. फाइलवर पहिल्याच दिवशी लाल शाईत लिहून ठेवा.

टप्पा ९: उतरवणं

डोपामिन सुरू करण्यात जेवढी घाई असते, तेवढी थांबवण्यात दिसत नाही. हातपाय गरम, लघवी चांगली, नाडी वयाला शोभेशी आणि हे सलग काही तास टिकलं की उतरवायला सुरुवात करा. दर ३० ते ६० मिनिटांनी १ ते २ मायक्रो. प्रत्येक पायरीनंतर कॅप रिफिल आणि बीपी. पडलं तर एक पायरी वर जा, आणि पाणी पुरेसं आहे का ते पुन्हा बघा. पंप एकदम बंद करू नका.

दोन औषधं असतील तर आधी कोणतं उतरवायचं? मी आधी डोपामिन काढतो. अॅड्रेनालिन किंवा नॉरअॅड्रेनालिन मागे राहिलेलं परवडतं, पिट्युटरी दाबणारं औषध आधी संपलेलं बरं.

आणि ते ‘किडनीसाठी २ मायक्रो’? त्याचा उपयोग सिद्ध झालेला नाही. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या प्रौढ रुग्णांच्या २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३२८ जणांपैकी डोपामिन मिळालेल्यांच्या मूत्रपिंडाला काही संरक्षण मिळालं नाही. लघवी थोडी वाढलेली दिसते, कारण ते सोडियम बाहेर टाकतं. मूत्रपिंड त्याने वाचत नाही. या २ मायक्रोनेही हार्मोन दबतात, हे विसरू नका. ५ वरून ३, ३ वरून १, आणि मग बंद.

टप्पा १०: कागद

डिस्चार्ज किंवा रेफरच्या कागदावर या ओळी असू द्या: डोपामिन सुरू केल्याची आणि थांबवल्याची तारीख-वेळ, सर्वात जास्त मात्रा, आधी गेलेलं एकूण पाणी, वजन काट्यावरचं की अंदाजाचं, इतर औषधं, स्टिरॉईड दिलं असेल तर कधीपासून. लाईन बाहेर गेली होती तर त्या जागेचं वर्णन आणि दिवस. थायरॉईडचा नमुना डोपामिनवर असताना घेतला असेल तर रिपोर्टच्या शेजारीच तसं लिहा आणि पुन्हा तपासणीची तारीख घाला. ती तारीख नातेवाइकांच्या हातातल्या कागदावरही हवी, कारण पुढचा डॉक्टर कोण असेल हे आपल्याला माहीत नसतं. ती मोठ्या अक्षरात लिहा, आईला तोंडी सांगा आणि तिच्याकडून परत म्हणवून घ्या.